एका पायाची सायकल

प्रयोगशाळेचा डीप फ्रीजर बंद पडला, म्हणून तो आला. मेकॅनिक होता. आत हात घालण्याआधी त्यानं विचारलं, "काय ठेवलंय यात?"

"माणसांच्या मांड्या."

तो दोन पावलं मागे सरला... मला हसू आवरेना. "तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे हो! व्यायामानं स्नायू कसे बदलतात, ते बघतो आम्ही. जनुकं तीच राहतात – पण कुठली जागी होतात, कुठली निजतात, ते बदलतं."

फ्रीजर सुरू झाला. जाताना दारावरची 'स्वयंसेवक हवेत' ही पाटी वाचून तो म्हणाला, "माझं नाव लिहा."

तीन महिने तो फक्त उजव्या पायानं सायकल मारायचा, तुलनेसाठी डाव्याला आराम. "एक दिवस मी गोल गोल फिरत घरी जाणार बघा," म्हणायचा. मी मांडी बधिर करून सुईनं नमुना घ्यायचे. इतर लोक डोळे मिटतात. तो माझ्याकडे बघत राहायचा.

मग तीन महिने विश्रांती. व्यायाम थांबल्यावरही जनुकांवर त्याच्या खुणा उरतात का, हेच शोधायचं होतं. यायची गरज नसताना तो दर आठवड्याला फ्रीजर 'तपासायला' यायचा.

एकदा झाकण लावता लावता म्हणाला, "बायको जाऊन पाच वर्षं झाली. कुणाची वाट बघायची सवयच मोडली होती... आता तुमची बघतो."

"शेवटचा नमुना राहिलाय," मी कशीबशी म्हणाले. "नमुन्यांची मोजणी माझ्याकडे आहे. त्यात माझं मन मिसळलं, तर त्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवेल? तोवर – काही बोलू नका."

त्यानं मान डोलावली. पुढच्या आठवड्यात आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दाराकडे किती वेळा पाहिलं, माझं मलाच ठाऊक.

शेवटी विभागप्रमुख बाईंना सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "मग मोजणीतून बाहेर पडावं लागेल. तीन वर्षं राबलीस. शोधनिबंधात तुझं नाव पहिलं होतं... मागे जाईल. कळतंय?"

"कळतंय," मी म्हणाले, आणि रडले.

शेवटच्या नमुन्याच्या दिवशी सुई सहकाऱ्याच्या हातात होती. टेबलावर आडवा झालेला तो गोंधळून म्हणाला, "आज तुम्ही नाही?"

मी त्याच्या उशाशी स्टूल ओढलं. "मोजणी सोडली मी. आता बोला."

त्याचे डोळे भरून आले होते.

"तू..." त्यानं चाचरत विचारलं, "तू म्हणू?"

मी त्याचा हात हातात घेतला.

"अहो," सहकारी वैतागला, "पाय थरथरतोय. जरा स्थिर ठेवा!"