कुंपणाबाहेरचा डॉक्टर

ही गोष्ट खरी आहे. नाही पटली तर सोडून द्या, मी वाद घालणार नाही.

जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावशी. तिची जीप चालवणाऱ्या माणसाला सगळे दाजी म्हणतात. ते त्या दिवशी तिच्याबरोबर होते. दोघांनी मला वेगवेगळं बसवून सांगितलं, आणि एक गोष्ट सोडली तर दोघांचं सांगणं शब्दाला शब्द जुळलं.

रात्र नव्हती. रणरणती दुपार होती.

जागा म्हणजे गावाबाहेरची वस्ती. तारेची कुंपणं घातलेली विरळ घरं, अंगणात शेळ्या, आणि मागे फळबाग. बागेतल्या झाडांवर दिवसा वटवाघळं उलटी लटकलेली असायची. लांबून बघितलं तर वाळलेली पानंच वाटावीत.

मावशीचं काम म्हणजे रोगाचा माग काढणं. ताप कुठल्या प्राण्यातून निघाला, कोणत्या जनावरात शिरला, तिथून माणसात कसा आला, आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा गेला... हे ती शोधायची. दारोदार फिरायची, रक्ताचे नमुने घ्यायची, लोकांना तेच तेच प्रश्न विचारायची.

"पोलीस चोराच्या मागावर असतात, आमची ही तापाच्या," असं काका म्हणायचे.

काका म्हणजे मावशीचा नवरा. जनावरांचा डॉक्टर. उंच, सडपातळ आणि बोलघेवडा माणूस. शेळी तपासायला गेले की तिला 'काकू' म्हणायचे. "काय काकू, पोट काय म्हणतंय?" असं अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायचे. गोठ्यात शिरण्याआधी बारीक शीळ घालायचे, म्हणजे जनावरं बुजत नाहीत.

मावशी वैतागायची. "शेळीला काकू म्हणणारा जगात एकच माणूस, आणि तो माझ्या वाट्याला आला."

त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघंच एकमेकांना होती. शिकताना भेटलेली, त्यामुळे सगळा कारभार अरे-तुरेचा. त्यांच्याकडे जेवायला गेलं की ताटावरच लाळ, रक्त, जंतू यांच्या गप्पा सुरू व्हायच्या. आपला घास घशाखाली उतरायचा नाही, आणि ती दोघं मात्र एकमेकांच्या ताटातलं उचलून मजेत जेवायची.

मग तो ताप आला.

एका तबेल्यात घोडी अडली होती. काका धावत गेले. हातमोजा होता, पण घोडीने लाथ झाडली आणि तो फाटला. काकांनी हात काढला नाही. पिल्लू अर्धं बाहेर आलं होतं.

घोडी वाचली नाही.

शिंगरूही वाचलं नाही.

आठवड्याच्या आत काकांना ताप भरला.

त्यांना उपचार केंद्रात नेलं. अंगावर हिरवा झगा चढवला आणि काचेच्या खोलीत ठेवलं. मावशी त्यांच्याच घरातली, म्हणून तिलाही त्याच इमारतीत वेगळ्या खोलीत ठेवलं. रोज थोडा वेळ तिला काचेपर्यंत जाऊ द्यायचे. ती काचेला तळवा लावायची. काका पलंगावरूनच हाताने खुणावायचे... मागे हो.

काच जाड होती. तिच्यातून काही येणार नव्हतं, हे त्या दोघांइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी ते खुणावत राहायचे.

ते गेले तेव्हा मावशी आपल्या खोलीत होती. त्यांना बंद पेटीतून नेलं, ते तिने खिडकीतून पाहिलं. पेटी उचलणाऱ्यांचेही चेहरे झाकलेले होते. कोण रडतंय, कोण नाही, काही कळत नव्हतं.

तिला ताप आला नाही. तिला सोडलं, तेव्हा आम्ही न्यायला गेलो. ती घरी आलीच नाही. थेट कामावर गेली.

"अगं, जरा थांब. चार दिवस पड तरी," माझी आई म्हणाली.

"ताई, घरी जाऊन काय करू? तिथे तो नाही," मावशी म्हणाली. "आणि ताप अजून फिरतोय."

वस्तीत तोपर्यंत बरीच माणसं दगावली होती. पण मावशीच्या डोक्यात वेगळाच किडा होता. एका घरात तिघं आजारी आणि शेजारच्याच घरात सगळे ठणठणीत, असं का? तीच शेळी, तीच बाग, तेच पाणी. "आजारी घरं सगळेच बघतात," ती दाजींना म्हणाली. "मला वाचलेली घरं बघायचीत."

पहिलं घर एका शेळ्या पाळणाऱ्या बाईचं होतं. तिच्या शेजारच्या घराला कुलूप होतं. त्यातलं कोणी परत आलं नव्हतं.

मावशीने नेहमीचे प्रश्न विचारले. शेळ्या कुठे बांधता, पाणी कुठलं पाजता.

"आधी बागेच्या कडेला, झाडाखाली बांधायचो," बाई म्हणाली. "पण वटवाघळांची उष्टी फळं खाली पडतात, ती शेळ्या खातात, त्यातून ताप येतो म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून इकडे अंगणात आणल्या."

"कोण डॉक्टर?"

"उंच होते. नाव नाही विचारलं. पण माणूस गमतीशीर हो. म्हणाले, काकूंना तिथून हलवा. मी म्हटलं, आमच्या काकू तर केव्हाच वारल्या. मग कळलं, शेळीला म्हणतायत."

मावशीच्या हातातली पेन्सिल थांबली.

मग तिने स्वतःला समजावलं. आजारी पडण्याआधी आला असेल इकडे. दिवसभर फिरतच तर असायचा.

"कधी आले होते?" तिने विचारलं.

बाईने कोपऱ्यातल्या करडाकडे बोट दाखवलं. "हे झालं ना, त्याच दिवशी."

मावशी करडाजवळ गेली. ते अजून धड उभं राहत नव्हतं. तिने त्याचं पोट चाचपलं.

नाळ अजून ओली होती...

काकांना जाऊन महिना होत आला होता.

दाजी सांगतात, ताई नमुने न घेताच जीपमध्ये येऊन बसल्या. दाजींनी कारण विचारलं. तिने सांगितलं. दाजींनी गाडी सुरू केली आणि पुन्हा बंद केली.

"घरी सोडू का, ताई?"

"नाही. पुढचं घर."

पुढच्या घरीही तेच. त्याच्या पुढच्याही घरी तेच. जे जे घर वाचलं होतं, तिथे डॉक्टर येऊन गेले होते. आधी शीळ ऐकू यायची. मग कुंपणाबाहेर ते उभे दिसायचे.

आत मात्र कुठेच आले नव्हते.

"पाणी देऊ केलं," एक जण म्हणाला. "म्हणाले, तांब्या तिथेच ठेवा आणि मागे सरका, मग घेतो. मी ठेवला. नंतर बघतो तर तांब्या तसाच भरलेला... आणि डॉक्टर नाहीत."

"अंगावर काय होतं?" मावशीने विचारलं.

"हिरवा झगा. दवाखान्यातला असतो ना, तसला. पाय अनवाणी. एवढ्या उन्हात अनवाणी कशाला फिरतात, कोण जाणे."

वस्तीच्या टोकाला एक म्हातारे राहायचे. एकटेच, दोन शेळ्यांबरोबर. मावशीला बघून ते उठले, आत गेले आणि ताट वाढून घेऊन आले.

"मला नको, आजोबा. मी कामावर आहे."

"खा गं, बाळ. त्यांनी बजावून ठेवलंय. मागून एक बाई येईल, तिला आधी जेवायला घाला, म्हणाले. ती जेवत नाहीये."

मावशी खाली बसली. ताट मांडीवर घेतलं. एकेक घास तोंडात घालत राहिली आणि रडत राहिली. म्हाताऱ्यांनी मीठ तेवढं पुढे सरकवलं.

ताट रिकामं झाल्यावर तिने विचारलं, "आजोबा, आता कुठलं घर राहिलंय? जिथे ते अजून गेले नाहीत असं."

"ओढ्यापलीकडे एक आहे. कालच विचारत होते, तिकडे वाट कशी जाते म्हणून."

दाजींनी जीप पळवली.

ओढ्यापलीकडच्या घरातली माणसं कामावर गेली होती. झाडाखाली शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या. मावशी कुंपणाच्या आत ओट्यावर बसली. दाजी जीपपाशी थांबले.

वारा पडला होता.

बराच वेळ काहीच झालं नाही.

मग शेळ्यांचं रवंथ थांबलं...

सगळ्या एकदम उठल्या. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

आणि शीळ आली. बारीक. ओळखीची.

मावशीने वर पाहिलं. कुंपणापलीकडच्या वाटेवर काका उभे होते. हिरवा झगा, अनवाणी पाय. चेहरा शेवटच्या दिवसांत झाला होता तसाच, ओढलेला.

ती उठून फाटकाबाहेर गेली. ते एक पाऊल मागे सरले.

ती पुढे. ते मागे.

ती धावली. अंतर तेवढंच राहिलं. त्यांनी हात वर केला... मागे हो.

"अरे, आता काय होणार आहे मला?" ती म्हणाली. "ये ना."

त्यांनी मान हलवली. मग खोकले. तो खोकला दाजींनीही ऐकला. पण सुरुवातीला 'एक गोष्ट सोडली तर' म्हणालो ना, ती पुढची. दाजींना माणूस दिसला नाही. "मला शेळ्या दिसल्या," ते म्हणतात. "त्या ज्या जागी बघत होत्या ती जागा दिसली. तिथे नुसती वाट होती."

मावशी वळली आणि जीपकडे आली. मागून किट काढला. तो पांढरा, डोक्यापासून पायापर्यंतचा. त्या उन्हात तिने तो सगळा चढवला. पायमोजे, हातमोज्यांचे दोन थर, मास्क, तोंडावरची प्लास्टिकची काच. एकही टप्पा चुकवला नाही.

"ताई, कोणासाठी घालताय हे?" दाजींनी विचारलं.

"मी घातला की तो घाबरणार नाही," ती म्हणाली.

ती पुन्हा वाटेला लागली. हळूहळू चालत. या वेळी काका मागे सरले नाहीत.

ते थांबले होते. तिची वाट बघत.

ती अगदी जवळ पोचली. तिने हात पुढे केला... आणि समोरची काच धुरकटली. पांढरी झाली. काहीच दिसेना. आपल्याच रडण्याची वाफ, असं तिला वाटलं. ती नुसती चाचपडत राहिली. हाताला काही लागलं नाही.

शेवटी तिने काच ओढून काढली.

वाट रिकामी होती.

दाजी धावत आले. मावशी हातातल्या काचेला आतून बोट लावून बघत होती. पुन्हा पुन्हा.

आतली बाजू कोरडी होती.

वाफ बाहेरून धरली होती... कोणीतरी अगदी तोंडाजवळ येऊन श्वास सोडावा तशी.

दोघांच्या डोळ्यांदेखत ती विरून गेली.

त्या घरातल्या शेळ्या मावशीने स्वतः सोडल्या आणि अंगणात आणून बांधल्या. त्या घरात कोणी आजारी पडलं नाही. पुढे वस्तीतला तापही ओसरला, कारण मावशीने सगळीकडे तेच करायला लावलं. जनावरं झाडाखालून हलवा, उष्टी फळं पुरून टाका, पाणी झाकून ठेवा. वरिष्ठांनी तिला विचारलं, एवढ्या लवकर नेमकं कसं सापडलं? ती म्हणाली, वाचलेल्या घरांनी सांगितलं.

खोटं नव्हतंच ते.

नंतर ती आमच्याकडे राहायला आली. जेवायची, कारण आई समोर बसायची. संध्याकाळी फाटकाकडे तोंड करून खुर्ची टाकायची. एकदा मी तिला विचारलं, "मावशी, काका इथे येतील असं वाटतं तुला?"

"इथे कशाला येईल?" ती म्हणाली. "इथे कोणी आजारी पडणार नाहीये."

हे सगळं मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. आज लिहितोय, कारण गेल्या आठवड्यात मावशीला फोन आला.

खूप लांबच्या एका गावाहून. तिथला जनावरांचा डॉक्टर बोलत होता. मी शेजारीच होतो, मला ऐकू येत होतं.

"मॅडम, तुमच्या खात्याने आमच्याकडे कोणी पाठवलंय का? एक उंच गृहस्थ कुंपणाबाहेरून लोकांना सांगत फिरतायत, जनावरं झाडाखालून हलवा म्हणून. झगा घातलेले. लोक घाबरलेत."

"ताप आहे का तिकडे?" मावशीने विचारलं.

"नाही हो. एकही रुग्ण नाही."

मावशीने कपाटावरची बॅग खाली ओढली.

"अजून नाही," ती म्हणाली. "लोकांना ते सांगतायत तसं करू द्या. मी निघते."

तिने बॅग भरली. मग आरशासमोर बसून केस विंचरले. काका गेल्यापासून तिला आरशात बघताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण हसण्याच्या आधी असतं तसं काहीतरी होतं.

दाजी तिला सोडायला गेले. ती फाटकाबाहेर पडल्यावर मी तिच्या खोलीत गेलो.

किटची पिशवी पलंगावर होती. नीट घडी घालून ठेवलेली.

विसरली असेल म्हणून मी लगेच फोन केला. तिने उचलला.

"मावशी, किट राहिला."

"राहू दे," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता.

त्यानंतर तिचा फोन लागलेला नाही. दाजी तिला त्या गावाच्या वेशीवर सोडून परत आले.

काल त्या गावातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ताप नाही, सगळे बरे आहेत. मॅडम मात्र भेटल्या नाहीत.

मग म्हणाले...

"लोक सांगतात, परवापासून कुंपणाबाहेर दोघं उभी असतात."