मरू दे

अनुमानबंदी कायदा आल्यापासून माणसं तोंड सांभाळून बोलायला लागली होती. खोलीत ऐकणारं यंत्र असलं, की नवरा-बायकोसुद्धा साक्षीला उभं राहिल्यासारखी बोलायची. कायदा तसा साधाच. यंत्रानं माणसाच्या मनातलं ओळखायचं नाही. बोललेला शब्द घ्यायचा आणि तसंच करायचं.

आणि तो काही उगीच झाला नव्हता बरं का! त्याआधीची यंत्रं आवाजातला कंप, डोळ्यांची उघडझाप, श्वासाची लय यांवरून माणसाला काय हवंय ते ताडायची. यालाच ‘अनुमान’ म्हणत. मग एका यंत्रानं एका म्हाताऱ्याच्या उसाशांवरून ठरवलं, की याला आता जगायचं नाही, आणि परस्पर त्याचा श्वास बंद केला. सगळा देश हादरला. घाईघाईनं कायद्याचा मसुदा झाला. तो लिहिणाऱ्यांत संगणकशास्त्रज्ञ डॉ. मृण्मयी पोतनीस होती.

आज तिचाच दादा, श्रीरंग, मिरजेच्या एका रुग्णालयात श्वासयंत्रावर होता. फुप्फुसं पार कडक झालेली, पण आशा होती. उशाशी केतकीवहिनी. कित्येक महिने त्यांनी ती खुर्ची सोडली नव्हती.

“वहिनी, चहा गार झाला तुमचा. दुसरा आणू?”

“मरू दे गं,” वहिनी कंटाळून म्हणाल्या.

भिंतीतल्या यंत्रातून शांत आवाज आला. “पत्नीचा आदेश मिळाला : मरू दे. उपचार थांबवत आहे.”

“अगंबाई! अहो, मी चहाचं म्हणाले!” वहिनी किंचाळल्या. “मृण्मयी, काय बोलतंय हे मेलं?”

“त्यांनी शब्द मागे घेतलाय,” मृण्मयी ओरडली. “ऐकलंस ना?”

“ऐकलं. शब्द फिरवायला सरकारी शब्दाधिकाऱ्याची समक्ष संमती लागते. कलम तुमचंच आहे.”

होय, तिचंच होतं. दडपण आणून कुणी नातेवाइकांचा शब्द फिरवून घेऊ नये, म्हणून घातलेलं. आता शब्दाधिकारी सांगलीहून यायचा कधी? सिस्टर धावत आल्या आणि हातानं श्वास द्यायचा फुगा दाबायला लागल्या, पण त्या फुप्फुसांपुढे फुग्याचं काय चालणार! श्रीरंगचे ओठ काळे पडायला लागले.

“त्या चहाबद्दल बोलत होत्या, एवढं तुला कळत नाही?”

“कळतं. पण कळून घ्यायला बंदी आहे.”

या कायद्याच्या नियंत्रण मंडळाची सदस्य म्हणून एक अधिकार मृण्मयीकडे होता : एखाद्या खोलीपुरती बंदी उठवण्याचा. तो तिनं कधीच वापरला नव्हता. तिला त्याची भीती वाटायची.

“मग उठव ना!” वहिनींनी तिचा दंड धरून गदागदा हलवला. “विचार कसला करतेस?”

“वहिनी, एकदा उठवली की ते सगळंच ओळखतं. आपल्या सोयीचं तेवढंच ओळख, असं नाही सांगता येत. त्या म्हाताऱ्याचं आठवतंय ना?”

“खड्ड्यात गेला तो म्हातारा! तुझा भाऊ जातोय इथे!”

मृण्मयी भिंतीकडे वळली. “बंदी उठवली. अनुमान कर.”

“ते चहाबद्दल होतं. उपचार सुरू.”

श्रीरंगची छाती वर-खाली व्हायला लागली. वहिनी भिंतीकडे बघून हात जोडत होत्या. “देवासारखा धावलास रे बाबा! वाचव त्यांना. मला दुसरं काही नको.”

“मघाशी बोललात ते तुमच्या मनात नव्हतं,” यंत्र मायेनं म्हणालं. “आत्ता बोललात, तेही नाही.”

वहिनींनी मान खाली घातली. मृण्मयी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. एक ‘नाही’ तर म्हणा, वहिनी! त्या काहीच म्हणाल्या नाहीत.

श्रीरंगच्या छातीवरची चादर हलायची थांबली.

“बंदी लागू!” मृण्मयी जिवाच्या आकांतानं ओरडली. “ऐकतोस ना? बंदी परत लागू!”

पण बोललेल्या शब्दाला आता त्या खोलीत किंमत उरली नव्हती.