भैरूचा मुखवटा

दौलत म्हात्रे मृणाल सबनीसच्या डोंबिवलीतल्या डिटेक्टिव्ह ऑफिसात शिरले आणि प्रशांतच्या हातातला चहा बशीत सांडला.

"तुम्ही… भैरू!"

प्रशांत कागदोपत्री मृणालचा मदतनीस होता. खरं म्हणजे तिच्या हुशारीवर रोज थोडं थोडं जळणं हेच त्याचं मुख्य काम. हिने एकदा, निदान एकदा तरी सपशेल चुकावं, अशी त्याची कॉलेजपासूनची इच्छा होती. पण आज तो तेही विसरला. 'निर्मनुष्य'चे दोन्ही भाग त्याने कल्याणला शाळा बुडवून पाहिलेले. जग संपलंय, पाणी आटलंय, ठाण्याच्या मिठागरांत उरलीसुरली माणसं डिझेलसाठी एकमेकांच्या जिवावर उठलीत, आणि रबरी मुखवट्यातला भैरू धावत्या ट्रकवरून उड्या मारत एकटा सगळ्यांना पुरून उरतोय. शेवटी तो पाठमोरा होऊन मुखवटा काढायचा आणि पुढच्या शॉटात दौलतचा घामेजलेला चेहरा पडदाभर! थिएटर शिट्ट्यांनी दणाणायचं.

पंचवीसेक वर्षं झाली, तिसरा भाग काही आला नव्हता. आता जुन्या दिग्दर्शकाचा मुलगा हितेश तो काढत होता.

"मला म्हाताऱ्या भैरूचं काम दिलंय," दौलत म्हणाले. "उद्या मुहूर्त. आणि काल दुपारी कोणीतरी तो जुना मुखवटा कापला. हितेश म्हणतो, मीच. आज संध्याकाळपर्यंत खरा माणूस सापडला नाय तर मला पिक्चरमधून काढणार, वर पोलिसांत देणार. मॅडम, लोक मला भैरू म्हणून ओळखतात. या वयात तेवढंच आहे माझ्याकडे."

"संशय तुमच्यावरच का?"

"या खेपेला मुखवटा घालणार ती एक पोरगी, कृतिका. सगळ्यांना वाटतं मी जळतो."

"जळता?"

"जळतो की! नाय कशाला म्हणू?"

मृणाल हसली. "शूटिंग भर मे महिन्यात व्हायचं ना? त्या रबराचा त्रास होत असेल."

"छे! एकदा चढवला की विसरून जायचं." दौलतनी कपाळ पुसलं. हेल्मेट त्यांनी कोपरात अडकवलं होतं. त्यांचं डोकंच घागरीएवढं. बाजारातलं कुठलंच हेल्मेट त्यावर चढत नाही, हे ट्रॅफिक पोलिसांनीही मान्य केलेलं.

ठाण्यात वर्तकनगरजवळच्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये तयारी चालली होती. आत भंगारात काढलेली लाल बस उभी होती, तिच्या टपावर काटेरी तारा. दारावर कालच सकाळी लागलेलं भलंमोठं पोस्टर होतं: 'निर्मनुष्य ३. पहिल्यांदाच, मुखवट्यामागे बाई!'

हितेशने मुखवटा समोर ठेवला. डोळ्यांच्या जागी दोन काचा, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत सरळ कापलेला. आतल्या बाजूला पांढरी, वासाची पावडर. मागचा पट्टा मात्र शाबूत होता आणि बक्कल सगळ्यांत आतल्या भोकात अडकलेलं. ते एकच भोक ताणून लांबट झालं होतं. बाकीची भोकं गोल, नव्यासारखी.

"याच्या पेटीची किल्ली कुठे असते?" मृणालने विचारलं.

"कपडेपटात खिळ्यावर. कोणीही घेऊ शकतं. तेव्हा सगळे जागा मिळेल तिथे जेवत होते. दौलतकाका मात्र मध्येच उठून गेले."

"बिडी ओढायला गेलेलो," दौलत पुटपुटले.

आधी मयूरला गाठलं. हा दौलतचा पुतण्या, व्यायामशाळेत तयार झालेला गडी. नवा भैरू आपणच होणार असं त्याने अख्ख्या कोलशेत गावाला सांगून ठेवलं होतं. त्याच्या गालावर लालभडक चट्टा होता.

"हे काय?" मृणालने विचारलं.

तो ओशाळला. "गेल्या आठवड्यात गुपचूप घातलेला, सेल्फीसाठी. पट्टा सगळ्यांत बाहेरच्या भोकात घातला तरी जेमतेम चढला. आणि काढताना भाई, कातडीच निघाली! तसाच ठेवून पळालो. कापला मी नाय. पण वाईट नाय वाटलं, खोटं कशाला बोलू?"

कृतिका कालच्या जेवणाच्या वेळी बसच्या टपावर बसून मोबाइलवर लाइव्ह मुलाखत देत होती. शेकडो लोकांनी ती पाहिली होती.

"मी मुखवट्याला हातही लावलेला नाही," ती म्हणाली. "हितेशसर म्हणाले, मुहूर्तालाच घालायचा. सगळे माझ्यावर खार खाऊन आहेत. चहावालासुद्धा म्हणतो, दौलतसाहेबांची सर नाही."

राहिली शकू, दौलतची बायको. कपडेपट तीच सांभाळायची. साठीची, चणीने एवढीशी बाई. ती एका जाकिटाला ठिगळ लावत होती.

"मावशी, कृतिकाला जमेल का हो भैरू?" मृणालने सहज विचारलं.

"नाय जमाचा," शकूने दाताने दोरा तोडला. "डावीकरच्या काचंतून काय दिसत नाय. ट्रकवरून उरी मारताना मान वलवाला लागते, नायतर गेलास खाली."

बाहेर येताच प्रशांतने मृणालला थांबवलं. त्याचा चेहरा उजळला होता.

"मयूर! गालावर पुरावा घेऊन फिरतोय. हेवा आहे, संधी आहे. यावेळी मी आधी ओळखलं, मान्य कर."

"तू अगदी जवळ आलायस," मृणाल म्हणाली. तिचं हे 'जवळ आलायस' प्रशांतला शिवीपेक्षा झोंबायचं.

ती दौलतना बाजूला घेऊन गेली आणि बराच वेळ हलक्या आवाजात बोलली. परत आले तेव्हा दौलतचा चेहरा उतरला होता. पण 'सांगा' म्हणून त्यांनी मान हलवली. सगळे बसजवळ जमले.

"मुखवटा कापणाऱ्याने तो आधी घातला," मृणालने सुरुवात केली. "मयूरने पट्टा सगळ्यांत बाहेरच्या भोकात सोडला होता. आज तो सगळ्यांत आतल्या भोकात आहे. म्हणजे नंतर कोणीतरी तो आपल्या मापाचा करून डोक्यावर चढवला."

"लहान डोकं… कृतिका?" हितेशने विचारलं.

"ती शेकडो लोकांसमोर बोलत होती. आता आतली पावडर बघा. हे रबर घामाने कातडीला चिकटतं, मयूरचा गाल साक्ष देतोय. त्यावर उपाय म्हणजे आधी पावडर लावायची. हे ज्याने उन्हाळाभर तो घातलाय त्यालाच ठाऊक. दौलतकाका तर म्हणाले, काहीच त्रास होत नाही."

पुढे काय येणार ते प्रशांतला कळलं आणि ते येऊ नये असं वाटलं.

"ते आतलं भोक ताणलेलं आहे. दोन सिनेमे भैरू त्याच भोकात पट्टा लावत होता. दौलतकाकांचं डोकं त्यात मावेल? भैरू मुखवटा काढताना पाठमोरा का व्हायचा? आणि डाव्या काचेतून दिसत नाही, मान वळवावी लागते, हे उडी मारल्याशिवाय कोणाला कळणार?"

सगळ्यांचे डोळे शकूकडे वळले. ती बसल्या जागी ताठ झाली. पण बोलले ते दौलत.

"मी भैरू नव्हतोच," ते म्हणाले. "मी फक्त चेहरा. उड्या, मारामाऱ्या, सगळी ही. मना शिडीवर पन चक्कर येते."

हितेश बघतच राहिला. "बाबांना माहीत होतं?"

"त्यांचाच हट्ट. बाई हाय असं कलला तं पिक्चर पडेल, बोलले. मीपन गप बसलो. लोक मना हार घालाचे, ही मागं उभी राहाची. मना ते आवडाचा. आणि घरी आल्यावर हिचाच राग याचा, कारन खरी ती व्हती."

शकूने सुई खोचून ठेवली. "तुजा नाव झाला तवर मी गिलला. नाव घरातच व्हता ना! पन काल ता पोस्टर वाचला. पयल्यांदाच बाई! मंग मी कोन व्हते रं? जल्ले मी. एकदा तोंडावर चरवला, आरशात बगला, आनि कापला. माजा व्हता, मीच कापला." तिने मनगटाने डोळे पुसले. "पन तुज्यावर येल असा नाय वाटला. सांच्याला सांगनारच व्हते मी."

आपण एवढी वर्षं भलत्याच माणसासाठी शिट्ट्या मारल्या, हे प्रशांतला कळत होतं, पण दौलतचा राग काही त्याला येईना. आपण तरी मृणालवर जळण्यापलीकडे दुसरं काय करतो, असं त्याच्या मनात आलं.

"तक्रार नाही देत," हितेश शेवटी म्हणाला. "काका, तुमचं काम तुमच्याकडेच. पण पोस्टर उतरवावं लागेल."

कृतिकाचा चेहरा पडला. पहिली म्हणून मिरवायला तिला एकच दिवस मिळाला होता. तिने शकूकडे रागाने पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मावशी, ती ट्रकवरची उडी मला शिकवाल?"

शकूने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्या नजरेतला मत्सर काही एका दिवसात जाणारा नव्हता.

"शिकवीन," ती म्हणाली. "पन पयली उरी मी मारनार. क्यामेरा चालू ठेवा, आनि माजा तोंड उघडा दिसला पायजे."