राणीसाहेबांचा पंखा

मी नवनाथ. कुर्डुवाडीला रेल्वेत होतो, आता निवृत्त. गेल्या चैत्रात माझी आई, विठाबाई, एकदम म्हणाली, "मला राजवाड्यात घिऊन चल. एकडाव." वय त्र्याऐंशी. नाही कसं म्हणणार?

जुन्या संस्थानाचा तो राजवाडा सोलापूरपासून तासाभरावर, भर बाजारपेठेत. आई लहान असताना तिथं कामाला होती, एवढंच मला माहीत. त्या वाटेनं मात्र ती पुन्हा कधी गेली नव्हती.

दुपारी पोचलो. बाहेर रिक्षांचे हॉर्न, कलिंगडांच्या गाड्या. दरवाजा ओलांडला आणि सगळा गलका मागं राहिला. आत वटवाघळांचा कुबट वास. राखणदार बसवराज जिन्यापाशी थांबला. म्हणाला, "राणीसाहेबांची खोली वर. सामान काही नाही आता, छताला कड्या तेवढ्या."

आईला वाट विचारावी लागली नाही.

खोली रिकामी. खिडक्या बंद, हवा भट्टीसारखी. आई भिंतीला टेकून खाली बसली आणि हळू बोलू लागली. आठ वर्षांची असताना ती इथं पंखा ओढायची. छताला लांब कापडी पंखा, त्याची दोरी हिच्या हातात. एका दुपारी राणीसाहेब तापानं फणफणलेल्या.

"म्हनाल्या, विठा, थांबू नगंस... अन् माझा डोळा लागला रं. जाग आली तवा त्या गेल्या व्हत्या. मी कुनालाच सांगितलं न्हाय."

तिनं रिकामे हात पुढं केले आणि नसलेली दोरी ओढू लागली. ओढायची, सोडायची. ओढायची, सोडायची.

थोड्या वेळानं माझ्या मानेवरचा घाम गार पडला. डोक्यावर कापड हलल्याचा आवाज. वर पाहिलं. नुसत्या कड्या. वारा मात्र येत होता, तिच्या हातांच्या लयीत.

"आई, चल..."

"गप. झोप लागतीया त्यास्नी."

बऱ्याच वेळानं तिचे हात थांबले. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "सुटले बाबा." मी तिला उभं केलं. चेहरा निवलेला, इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता असा.

उंबऱ्याशी आलो आणि तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

वारा अजून येत होता. संथ, एका लयीत.

"नवनाथ," ती कुजबुजली, "मी तर हितं हाय... मग दोरी कुनाच्या हातात हाय?"