धुराड्यातून आलेलं उत्तर

बसा रे, बस काही इतक्यात येत नाही. असल्या पावसात घाट उतरायचं ड्रायव्हरच्या जिवावर येतं. मी जन्मभर तेच केलंय, मला विचारा. ओवेन, तो दिवा राहू दे तसाच. मघाशी गाण्याचा सराव करताना तुम्ही प्रार्थनाघराच्या भिंतीवरचा ओला डाग बघून हसत होता ना, त्यावरून आठवलं. गेथिन गवंडी तुम्हाला माहीत आहे. ही त्याच्यावर गुदरलेली गोष्ट. त्यानंच मला सांगितली, माझ्या स्वयंपाकघरात बसून, दोन्ही हातांनी चहाचा कप घट्ट धरून.

गेल्या नोव्हेंबरातला पहिला शुक्रवार. गेथिन दुपारी बहिणीकडे निघाला होता, रबरी नळी खांद्यावर टाकून. नेस्टा त्याची थोरली बहीण. दगडाच्या खाणीखालची घरांची रांग आहे ना, तिथलं शेवटचं घर तिचं. नवरा इड्वल, जन्म खाणीत गेलेला. धुळीनं छाती गेली, जिना चढवेना, म्हणून त्याची खाट खालच्या खोलीत आगटीजवळ घातलेली. आणि नेमकं तिथलंच धुराडं गळत होतं. भिंत ओली, गादीला बुरशीचा वास. डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाली होती, खोली कोरडी करा, नाहीतर यांचा हिवाळा निघणं कठीण आहे.

गेथिननं काय करायचं बाकी ठेवलं होतं? धुराडं छपराला मिळतं तिथला शिशाचा पत्रा बदलला. गळती तशीच. माथ्यावरचा तडकलेला गिलावा फोडून नवा घातला. तशीच. वरच्या मातीच्या नळकांड्यावर झाकण बसवलं. थोडे दिवस कोरडे गेले, मग डाग परत आला, आधीपेक्षा मोठा होऊन. अख्ख्या गावाची धुराडी त्याच्या हातची, ठणठणीत कोरडी. सख्ख्या बहिणीचं तेवढं जमेना.

"आलास?" नेस्टा दारातच म्हणाली. "ये. बादली तुझीच वाट बघतेय."

"ताई, आज डोकं नको खाऊस."

"मी कुठं खाते? तुझ्या नव्या पत्र्याऐवजी वर छत्री बांधली असती तरी बरं झालं असतं, गेथ्या."

इड्वल खाटेवरून हसला. हसता हसता खोकला. खोकला थांबेना, तशी नेस्टानं त्याला उशीला टेकवून बसवलं.

गेथिनचा बेत साधा होता. नळकांड्यावरचं झाकण काढायचं, म्हणजे बोललेलं ऐकू जाईल. मग धुराड्याच्या एकेका बाजूवर खालून वर पाणी सोडत जायचं. नेस्टानं विझवलेल्या आगटीत डोकं घालून बघत राहायचं. पाणी दिसलं की हाक मारायची.

शिडी लावेपर्यंत उजेड गेला. त्यानं कपाळाला दिवा बांधला. पाऊस थांबला होता, पण समुद्राकडून नवा ढग चढत होता.

"आलं का?" गेथिन धुराड्यात ओरडला.

"नाही रे."

डावी बाजू झाली. "आलं का?"

"कुठलं येतंय! माझी मान मोडली, गेथ्या!"

उजवी झाली. पुढची झाली. बोटं बधिर पडली. त्यानं रागानं थापी कौलांवर आपटली आणि अशा शिव्या घातल्या की त्या या जागी सांगता येणार नाहीत. मग बराच वेळ खालून काहीच आलं नाही. तो विचारत राहिला.

शेवटी उत्तर आलं. "मागची बाजू, गेथिन."

त्यानं मागे पाणी धरलं.

"वर. अजून वर. तिथंच."

एवढे दिवस डोकं फोडलं, आणि आता कुठं हाती लागलं! त्यानं नळी बंद केली, छिन्नीनं सांधा खरवडला. चुन्याचा नुसता भुगा झालेला. दगड हलला. काढून कौलांवर ठेवला. मागे मूठ जाईल एवढी काळी पोकळी.

"सापडलं, ताई!"

"हो. सापडलं."

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं... टोमणा नाही. आणि गेथिन? नेस्टानं त्याला उभ्या जन्मात गेथिन म्हटलेलं नाही.

आणि आवाज...

आवाज आता खालून येत नव्हता.

"हात घाल आत."

त्या पोकळीतून. अगदी जवळून. नेस्टाचाच आवाज.

त्याचा हात उचललेला होता. बोटं कडेपर्यंत गेलेली. आतून गार हवा... थांबून थांबून. येई. थांबे. येई.

"घाल ना."

तेवढ्यात खाली फाटक वाजलं. त्यानं मान वळवली. रस्त्यावरच्या दिव्याखाली नेस्टा उभी. हातात पिशवी.

"अजून वरच आहेस का रे गेथ्या? औषधं मिळाली बाई एकदाची!"



"ताई... तू... कधी गेलीस?"

"मघाशीच की! तूच नाही का ओरडलास धुराड्यातून? झालं काम, जा, औषधं आण, म्हणून."

तोच वर, दगडांच्या पलीकडून, हळूच... गेथिनच्या स्वतःच्या आवाजात...

"आलं का?"

शिडी तो उतरला की घसरला, त्यालाच ठाऊक नाही. तळहातांची सालटी निघाली होती. घरात इड्वल टक्क जागा.

"दाजी, खाली कोण बोलत होतं?"

"खाली? नेस्टा गेल्यापासून इथं चिटपाखरू नाही," इड्वल म्हणाला. "मला वाटलं, तू वर एकटाच बडबडतोयस."

दोघांनी खाट उचलून स्वयंपाकघरात नेली. कारण विचारू नका, असं गेथिन म्हणाला, आणि नेस्टानं पहिल्यांदाच काही विचारलं नाही. रात्रभर पाऊस कोसळला. पोकळी वर उघडीच. सकाळी भीत भीत बघितलं, तर आगटीत थेंब नाही.

गेथिन माझ्याकडे आला तो तेव्हा. दिवसाउजेडी मी शिडी धरली, तरी वर जायला त्याला फार वेळ लागला. उतरला आणि नुसतं वर बोट दाखवलं. मग मीच चढलो.

त्या घरातली भिंत त्यानंतर आजतागायत ओली झालेली नाही. इड्वलचा हिवाळा निघाला. खाट मात्र अजून स्वयंपाकघरातच आहे.

वर काय होतं म्हणता? कौलांवर ठेवलेला दगड तिथं नव्हता. तो धुराड्यात जागच्या जागी बसवलेला होता. भोवतीनं ताजा चुना, बोट लावलं तर रुतेल असा. आता गवंडी बाहेरून सांधा भरतो, तेव्हा चुना आत दाबला जातो, हो ना? हा सगळीकडून बाहेर फुगून आला होता.

आतून दाबल्यासारखा.