सही राहिलेलं पान

"त्या स्टेशनवर दार लागल्यावर कोणी बाहेर अडकलं ना, तर तो म्हातारा आत बोलावतो, आणि मग परत..."

आज दुकानात दीपा तिच्या मैत्रिणीला सांगत होती. मी शेजारीच मेथीच्या जुड्या लावत होतो. मला पाहिलं आणि दोघी गप्प! आता मला अर्धं ऐकून झोप येते होय? तुमच्या काकू मला म्हणतातच, तुम्ही ग्रोसरीत भाजी विकायला नाही, चौकशा करायला जाता.

सिया, तो दिवा बारीक कर. आर्य, फोन पालथा ठेव. ऐकीव नाही सांगत. आपल्या शेजारच्या परीक्षितचं आहे.

"परीक्षित अंकल? नो वे!"

ऐक तर. आपल्या ट्रॉय गावापासून पाऊण तासावर एक छोटं स्टेशन आहे. लाल विटांचं, सव्वाशे वर्षांचं. एके काळी दिवसाला सहा गाड्या थांबायच्या, दुधाचे कॅन चढायचे. आता एक जाणारी, एक येणारी. तिकिटाच्या खिडकीवर रेल्वेची टोपी घातलेला वॉल्टर असायचा. एकेचाळीस वर्षं. तिकीट तोच देणार, हीटर तोच लावणार, दारही तोच बंद करणार.

मग ठरलं की माणूस नको, मशीन बसवा. ते काम आलं परीक्षितकडे. ज्याची नोकरी जाणार, त्यानेच बसून आपलं काम दुसऱ्याला शिकवायचं. केटी, नॉलेज ट्रान्सफर म्हणतात त्याला, तुमच्या बाबांना विचारा. वॉल्टरने तीन आठवडे शिकवलं. रोज एक गोष्ट मात्र पुन्हा सांगायचा. गाडी लेट असली, तर ती येईपर्यंत दार लावायचं नाही.

परीक्षित म्हणायचा, "वॉल्टर, ते स्कोपमध्ये नाही." लिहिलंच नाही त्याने. म्हणून वॉल्टरने केटीच्या फाइलीत शेवटच्या पानावर सही केली नाही. परीक्षितने सहीवाचूनच प्रोजेक्ट क्लोज केला. दार आपोआप लागायला लागलं. रात्री बरोबर साडेअकरा.

त्याच हिवाळ्यात वॉल्टर बहिणीला घ्यायला स्टेशनवर गेला. पुतण्या त्याला सोडून परत गेला होता. गाडी दोन तास लेट. गाडीचा दिवा दिसतो का बघायला म्हातारा बाहेर आला, आणि मागे दार लागलं. बहीण उतरली तेव्हा तो बाकावर बसलेला होता.

बसलेलाच होता.

आता यंदाची सतरा जानेवारी. शनिवार. परीक्षितचे वडील राजारामजी नागपूरहून आलेले, शिकागोला पुतणीकडे जाऊन परत येत होते. अकरा पाचची गाडी बारा दहाला लागली. थंडी शून्याच्या खाली आठ. आणि परीक्षित हायवेवर बर्फात अडकलेला. मला फोन केला त्याने.

"काका, बाबांचा फोन लागत नाहीये. दार साडेअकरालाच लागलं असणार. ते मीच..."

आणि फोन ठेवला.

परीक्षित पोचला तेव्हा एक वाजला होता. बाक रिकामा. पण आत उजेड. राजारामजी हीटरपाशी बसलेले, हातात कॉफीचा कप.

त्यांनी आतून दार उघडलं. "केवढा उशीर रे! बरं, ते टोपीवाले साहेब भेटले. त्यांनीच आत घेतलं मला. तुझं नाव विचारलं. सांगितलं, तर उठून तिकिटाच्या खिडकीमागे गेले."

परीक्षितने वडिलांना गाडीत बसवलं, गाडीचा हीटर लावला. पिशवी आत राहिली होती. ती आणायला गेला.

दार लागलं.

हीटर बंद. दिवा बंद.

तिकिटाच्या खिडकीची फळी... हळूहळू वर गेली.

मागे कोणी नव्हतं. पुढ्यात कोरा कागद. पेन्सिल.

"राइट इट डाउन, सन."

त्याने लिहिलं. गाडी येईपर्यंत दार लावू नये.

"अगेन."

लिहिलं.

"अगेन..."

बोटं निळी पडली. पेन्सिल सुटेना.

"किती वेळा?" आर्यने विचारलं.

एकेचाळीस.

बाहेर राजारामजी दार बडवत होते. काचेतून आत कोणीच दिसत नव्हतं. शेवटी गाडीतल्या चार्जरवर फोन जिवंत झाला, त्यांनी मला कळवलं, मी पोलिसांना. बर्फातून वाट काढत ते पोचले चारला. दार नुसतं हात लावल्यावर उघडलं. परीक्षित खिडकीपाशी उभा होता. कागद नव्हता. पेन्सिल नव्हती.

हॉस्पिटलमध्ये उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. ड्रेसिंगला मीच नेत होतो, तेव्हा सगळं सांगितलं त्याने.

म्हणजे दीपाचं निम्मंच खरं. आत बोलावतो, हे खरं. पण परत सोडतो की. राजारामजींना तर कॉफी पाजून सोडलं. परीक्षितलाही सोडलं... अख्खा नाही सोडला, एवढंच.

"अंकलना भास झाला असेल काका. थंडीनं होतं तसं," सिया म्हणाली.

असेल बाई. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून म्हटलं, ती केटीची फाइल दाखव बरं मला. घरीच होती, त्याच्या टेबलाच्या खणात. खणाला कुलूप. मीच उघडलं, त्याला जमेना. शेवटचं पान काढलं. सहीची जागा.

पेन्सिलीने सही आहे. वॉल्टरची.

खोडरबराने घासून पाहिलं मी. जात नाही.

खाली तारीख आहे... यंदाची, अठरा जानेवारी.

त्या रात्री बारा वाजून गेले होते ना.