‘गुडनाइट, जुहू’ची तिसरी तबकडी

श्यामकांत देव निवृत्त झाले आणि मुलुंडच्या त्यांच्या दोन खोल्यांत जुन्या तबकड्यांनी ठाण मांडलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण जागा तर लागतेच. त्यांच्या पत्नी, शुभाताई, त्यावर कधी कुरकुरल्या नाहीत. त्या गुणगुणत. पोळ्या लाटताना, केर काढताना, स्वतःच्याही नकळत.

‘गुडनाइट, जुहू’ हे श्यामकांतांचं लाडकं गाणं. एका हॉटेलातल्या गोवेकर बँडनं ते तीनदा रेकॉर्ड केलं होतं. आधी गायकासह, मग जलद लयीत, आणि शेवटी नुसत्या वाद्यांवर. पहिल्या दोन तबकड्या त्यांच्याकडे होत्याच; ही तिसरी तबकडी त्यांचा मित्र चंद्रप्रकाश यानं जोगेश्वरीहून मिळवून दिली. श्यामकांतांनी ती धुतली, कॉम्प्युटरवर घेतली, खरखर काढली आणि सवयीनं संग्राहकांच्या ग्रुपवर टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाशचा फोन आला. सॅक्सोफोनच्या मागे कोण बाई गुणगुणतेय, असं तो विचारत होता. श्यामकांतांनी हेडफोन लावला. ती शुभाताईंची गुणगुण होती. संसारभर ऐकलेला आवाज ओळखायला माणूस चुकत नाही.

स्वयंपाकघर गप्प होतं. सकाळपासून शुभाताईंचा घसा बसला होता.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, दोष सापडला नाही. मुलीनं, गार्गीनं, हळदीच्या दुधापासून सगळं करून पाहिलं. आवाज खोल जातच राहिला. जितके लोक ते गाणं ऐकत, तितकी त्यातली बाई स्पष्ट होत गेली. मग ती आधीच्या दोन्ही तबकड्यांतही ऐकू येऊ लागली.

श्यामकांतांनी तिन्ही तबकड्या फोडल्या. ग्रुपवरची फाइल काढली. चंद्रप्रकाशला ते म्हणाले, “तूही पुसून टाक रे. शुभाचा आवाज जातोय त्यात.”

त्यानं फोनमधली फाइल पुसली. मग म्हणाला, “मी पुसलं रे. पण लोक रील्सला लावतायत ते. कुठे कुठे धावणार तू?”

श्यामकांत खूप घाबरले होते, आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शुभाताई आता नुसते ओठ हलवत. श्यामकांत मान डोलवत, समजलं नाही तरी.

एका दुपारी वरच्या मजल्यावर कुणीतरी ते गाणं लावलं. श्यामकांत खिडकी लावायला उठले.

शुभाताईंनी ओठ हलवले.

आणि वरून, सॅक्सोफोनच्या मागून, आवाज आला.

“अहो, राहू द्या ना उघडी. मला माझा आवाज ऐकू द्या.”

वर कुणीतरी गाणं मध्येच बंद केलं. शुभाताई अजून बोलतच होत्या, नुसत्या ओठांनी.